सक्ती कोणावर?

गुजरातेतील गीरच्या अरण्यात बाणेज नावाचे एक ठिकाण आहे. तिथे महादेवाचे देऊळ आहे आणि त्या देवळाच्या महंतांखेरीज तिथल्या मतदार यादीत दुसरे नाव नाही. या एका मतदारासाठी निवडणूक आयोग गेली अनेक वर्षे स्वतंत्र मतदान केंद्र उभारत आला आहे. यंत्र, शाई, लाख आणि लिफाफे घेऊन अधिकारी व पोलीस सिंहांच्या रानातून तिथवर जातात, एक मत नोंदवून घेतात आणि परत येतात. त्या केंद्रावर मतदान एक तर शंभर टक्के होते, नाही तर शून्य टक्के. दर निवडणुकीला वर्तमानपत्रांत ही बातमी येते आणि आपण कौतुकाने वाचतो.

त्याच गुजरातच्या विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये एक विधेयक संमत केले. महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुकांत मतदान करणे प्रत्येक मतदारावर बंधनकारक ठरवणारे ते विधेयक होते. जो मत देणार नाही त्याला नोटीस जाईल, आजारपण किंवा परगावी असणे अशी पटण्याजोगी कारणे तो देऊ शकला नाही, तर त्याला 'कसूरदार मतदार' ठरवले जाईल, अशी त्यातली तरतूद होती. स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्याच विधेयकात होती. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी २०१० मध्ये ते परत पाठवले. विधानसभेने २०११ मध्ये ते पुन्हा संमत केले, तरी त्याला मंजुरी मिळाली नाही. ती मिळाली नोव्हेंबर २०१४ मध्ये, नवे राज्यपाल ओ. पी. कोहली आल्यानंतर. पुढच्या वर्षी नियम झाले, १०० रुपये दंड ठरला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या सक्तीला स्थगिती दिली. मत देण्याच्या हक्कात मत न देण्याचा हक्कही येतो, असे न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत पडले.

एकाच राज्यातल्या या दोन गोष्टींत दोन वेगळी कर्तव्ये दिसतात. बाणेजला जाणारे पथक राज्यसंस्थेचे कर्तव्य बजावत असते: मतदार कुठेही असो, पेटी त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. २००९ च्या विधेयकात कर्तव्य मतदाराचे आहे: पेटी कुठेही असो, त्याने तिथे गेले पाहिजे. सक्तीच्या मतदानाची चर्चा आपल्याकडे दर निवडणुकीनंतर होते आणि ती बहुधा दुसऱ्या कर्तव्यापुरतीच होते. पण ज्या देशांनी अशी सक्ती केली त्यांचा इतिहास पाहिला, तर पहिले कर्तव्य पार पडले तिथेच दुसरे काही अंशी टिकले, आणि पहिले जिथे अपुरे राहिले तिथे दंडाचा फारसा उपयोग झाला नाही, असे दिसते. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे.

भीतीतून आलेला कायदा

सक्तीच्या मतदानाचा उगम लोकशाहीवरील अपार श्रद्धेत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा भीतीत आहे. बेल्जियममध्ये १८९३ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी मताधिकारासाठी सार्वत्रिक संप केला. त्यापुढे नमून संसदेने २५ वर्षांवरील सर्व पुरुषांना मत दिले. मात्र मालमत्ता, शिक्षण अशा निकषांवर काहींना दोन, काहींना तीन मतेही दिली. याच घटनादुरुस्तीत मतदान सक्तीचे झाले. नव्याने मत मिळालेला कामगार उत्साहाने येईल आणि सावध, मवाळ नागरिक घरी बसेल, ही धास्ती त्यामागे होती. म्हणजे एका हाताने मताधिकार वाढवायचा, दुसऱ्या हाताने काही मतांचे वजन वाढवायचे, आणि वजनदार मतदार घरी राहू नये म्हणून तिसरी तजवीज. स्त्रियांना संसदेसाठी सर्रास मत मिळायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ते साल होते १९४८.

ऑस्ट्रेलियातही पहिले पाऊल असेच पडले. क्वीन्सलँड राज्यात डिग्बी डेनहॅम यांच्या उदारमतवादी सरकारने १९१४ मध्ये सक्तीच्या मतदानाचा कायदा केला. कामगार संघटनांचे कार्यकर्ते आपल्या माणसांना केंद्रावर आणण्यात तरबेज होते, आणि आपले समर्थक आळसाने घरी राहतात, हे डेनहॅम यांचे दुखणे होते. १९१५ ची निवडणूक सक्तीने झाली. मतदान भरघोस झाले, मजूर पक्ष बहुमताने निवडून आला आणि डेनहॅम स्वतःची जागाही हरले. घरी बसणाऱ्यांना बाहेर काढले की ते आपल्यालाच मत देतील, हा हिशेब पहिल्याच खेपेला चुकला.

राष्ट्रीय पातळीवर हा कायदा १९२४ मध्ये आला. १९२२ च्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्याही खाली घसरले होते. टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी खासगी विधेयक मांडले. दोन्ही सभागृहांत ते झटपट संमत झाले; कुठेही शिरगणती करून मतविभागणी घ्यावी लागली नाही. सरकारला ते स्वतःच्या नावावर नको होते, विरोध मात्र कोणालाच नव्हता, कारण मतदारांना घराबाहेर काढण्याचा खर्च आणि कष्ट कायद्याने वाचणार होते. गंमत अशी, की याच देशाने १९१६ आणि १९१७ अशा दोन सार्वमतांत परदेशी युद्धासाठी लष्करभरतीची सक्ती नाकारली होती. बंदुकीची सक्ती नको म्हणणाऱ्यांनी मतपत्रिकेची सक्ती फारशी कुरकुर न करता स्वीकारली. १९२५ च्या निवडणुकीत मतदान ९१ टक्क्यांवर गेले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते ९० च्या खाली आले नाही. २०२२ मध्ये प्रथमच ते किंचित खाली घसरले.

पेटी आधी, दंड नंतर

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. पण १९२४ च्या आधी तिथे काय घडले होते, ते सांगितले जात नाही. १९११ मध्येच मतदार नोंदणी सक्तीची झाली होती आणि ती पार पाडणारी पूर्णवेळ, पक्षनिरपेक्ष यंत्रणा उभी राहिली होती. मतदान शनिवारी घेण्याचे कायद्याने ठरले होते, म्हणजे कामगाराची मजुरी बुडू नये. टपालाने मत पाठवण्याची सोय होती. ही सगळी बांधणी झाल्यावर मग दंड आला, तोही किरकोळ. आज तो २० डॉलर आहे.

शिवाय त्या सक्तीचा नेमका अर्थ काय, हेही पाहण्यासारखे आहे. मतदाराने केंद्रावर यायचे, मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जायचे आणि ती पेटीत टाकायची. कायद्याच्या शब्दांत खूण करणेही येते. पण मत गुप्त असल्यामुळे आत काय लिहिले हे कोणी तपासू शकत नाही. कोरी किंवा रेघोट्या मारलेली पत्रिका टाकणारा पकडला जात नाही. नेदरलँड्समध्ये १९१७ पासून असलेल्या अशाच कायद्याचे नावच मुळी 'हजेरीचे कर्तव्य' अशा अर्थाचे होते. थोडक्यात, लोकशाही देशांत जिला आपण मतदानाची सक्ती म्हणतो ती बहुतेक ठिकाणी हजेरीची सक्ती आहे.

तरीही विवेकाचा प्रश्न उरतोच. अर्नेस्ट जड नावाच्या समाजवाद्याने १९२५ च्या निवडणुकीत मत दिले नाही. सगळेच उमेदवार भांडवलशाहीचे पाठीराखे आहेत, त्यांतल्या कोणालाही मत देणे माझ्या तत्त्वात बसत नाही, हे त्याचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात गेले. उमेदवार पसंत नसणे हे गैरहजेरीचे पुरेसे कारण होत नाही, असा बहुमताचा निकाल १९२६ मध्ये लागला. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. जडला कोणी अमुकाला मत दे म्हणून भाग पाडले नव्हते, हे खरे. पण त्याला जे म्हणायचे होते ते पेटीत टाकता येण्याजोगे नव्हते, हेही तितकेच खरे.

आता या ९१ टक्क्यांकडे जरा दुसऱ्या बाजूने पाहू. हे प्रमाण यादीतल्या मतदारांचे आहे. यादीत कोण नव्हते? १९०२ च्या मताधिकार कायद्याने ऑस्ट्रेलियात स्त्रियांना मत दिले, तेव्हा जगात ती मोठी पुढारलेली गोष्ट होती. त्याच कायद्याने ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या (न्यूझीलंड वगळून) मूळ रहिवाशांना, काही तुरळक अपवाद सोडता, यादीबाहेर ठेवले. आदिवासींना सरसकट राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो १९६२ मध्ये, आणि नोंदणीची व मतदानाची सक्ती त्यांना इतरांप्रमाणे लागू झाली ती १९८४ मध्ये. म्हणजे साठ वर्षे त्या देशात मतदान हे कर्तव्य होते आणि त्या भूमीच्या सर्वांत जुन्या रहिवाशांना ते कर्तव्यही वाट्याला आले नव्हते. आजही परिस्थिती पूर्ण पालटलेली नाही. उत्तरेकडील लिंगियारी या विस्तीर्ण मतदारसंघात आदिवासींचे प्रमाण मोठे आहे, वस्त्या दूरदूर आहेत. २०२२ मध्ये तिथले मतदान दोन-तृतीयांशांच्या आसपासच राहिले. दंडाचा कायदा तोच, पण रस्ता, पत्ता, टपाल आणि भाषा जिथे पोचत नाहीत तिथे दंडही पोचत नाही.

या यादीबाहेरच्यांत हिंदुस्थानीही होते. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत वसाहतींमधील हिंदी रहिवाशांना नागरी हक्क द्यावेत, असा ठराव झाला. त्याचा पाठपुरावा करण्यासाठी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. १९२४ मध्ये मिट्टा बुलोश नावाच्या हिंदी माणसाने आपले नाव राष्ट्रीय यादीत घ्यावे म्हणून मेलबर्नच्या न्यायालयात दाद मागितली आणि ती जिंकली. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा बदलून ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या तिथल्या रहिवाशांना मत दिले. त्याच वर्षी सक्तीच्या मतदानाची पहिली राष्ट्रीय निवडणूक झाली. तेव्हा तिथे असलेल्या मूठभर हिंदी लोकांना मताचा हक्क आणि न दिल्यास दंड या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच मिळाल्या! मायदेशी त्यांच्या बहुसंख्य नातलगांना तेव्हा यांतले काहीच नव्हते.

बहिष्कारातून जन्मलेले प्रजासत्ताक

मायदेशी त्या काळात काय चालले होते? १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलांसाठी सुमारे ५० लाख लोकांना मत मिळाले. पहिल्या निवडणुका १९२० च्या नोव्हेंबरमध्ये झाल्या. टिळकांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढून कौन्सिलांत शिरण्याची तयारी केली होती. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ते गेले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला, त्यात कौन्सिलांवरील बहिष्कार होता. उमेदवारांनी अर्ज मागे घेतले, अनेक मतदारांनी केंद्रांकडे पाठ फिरवली.

ही गोष्ट सक्तीच्या चर्चेत विसरली जाते. भारतीय जनतेने मतपेटीशी केलेला पहिला मोठा सामुदायिक व्यवहार मत देण्याचा नव्हता. तो मत न देण्याचा होता. पुढे तीनच वर्षांत चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाने कौन्सिलप्रवेशाची बाजू घेतली, महाराष्ट्रात न. चिं. केळकरांसारख्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला. बहिष्कार योग्य की अयोग्य यावर पुष्कळ वाद झाले. पण बहिष्कार हे एक राजकीय विधान आहे, आळस नव्हे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. आजही निवडणूक जवळ आली की एखाद्या गावाच्या वेशीवर फलक लागतो: रस्ता नाही तर मत नाही, पाणी नाही तर मत नाही. तहसीलदार धावत येतात, आश्वासने देतात. एरवी पाच वर्षांत न आलेला माणूस त्या फलकाने येतो. त्या गावाला प्रत्येकी १०० रुपये दंड लावला, तर त्याच्या हातातले एकुलते एक हत्यारही आपण काढून घेऊ.

मताधिकाराचा दुसरा धागा याच काळात बाबासाहेब आंबेडकर विणत होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यातील अधिकारपद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन सर्वांत महत्त्वाचे हक्क आहेत, ही भूमिका त्यांनी तिथे मांडली. सायमन आयोगाबरोबर काम करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. तिच्या बहुमताशी त्यांचे पटले नाही आणि मे १९२९ मध्ये त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी होती. निरक्षर माणसाला मत कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर सरळ होते: अक्षरओळख नाही म्हणजे अक्कल नाही असे होत नाही, आणि मत वापरणे हेच एक शिक्षण आहे. मत ही कोणीतरी कृपावंत होऊन द्यायची देणगी नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता.

पुढे १९५१ मध्ये लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यावर संसदेत चर्चा चालू असताना सक्तीच्या मतदानाची सूचना आली. कायदामंत्री आंबेडकरच होते. व्यावहारिक अडचणींमुळे ती सूचना त्यांनी स्वीकारली नाही. त्या वेळच्या अडचणी समजायला त्या पहिल्या निवडणुकीचा पसारा डोळ्यांसमोर आणायला हवा.

१९३५ च्या कायद्याखाली मतदार होते सुमारे ३ कोटी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते झाले १७ कोटींहून अधिक. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता तो हे लोक आहेत कोण, याचा. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत लक्षावधी स्त्रियांनी यादीसाठी आपले नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद होती. आयोगाने अशी नोंद चालणार नाही असे ठरवले. नाव सांगण्यासाठी बिहारला मुदत वाढवून दिली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर यादीतून वगळावी लागली. त्यांना स्वतःच्या नावाने यादीत यायला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले. तेव्हा जर सक्तीचा कायदा असता, तर नोटीस बजावायची कोणाच्या नावे?

मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातल्या चिनी तहसिलात सुरू झाले, कारण पुढे बर्फाने वाटा बंद होणार होत्या. फेब्रुवारी १९५२ पर्यंत ते चालले. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हे, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. त्यांतल्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. शेवटी मतदान झाले ४५ टक्क्यांच्या जवळपास. त्या आकड्याकडे पाहून कोणी म्हणू शकला असता, की निम्म्याहून अधिक लोकांना या लोकशाहीची पर्वा नाही, त्यांना दंड करा. सुदैवाने तसे झाले नाही. मतदारांच्या आधी राज्यसंस्थेला बरेच शिकायचे होते.

न लादता वाढलेला आकडा

ती शिकली, निदान बऱ्याच अंशी. कोणत्याही मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, असा दंडक झाला. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान ६३ टक्के होते आणि स्त्रियांचे ४७ टक्क्यांहूनही किंचित कमी. सोळा टक्क्यांहून अधिक तफावत. २०१९ मध्ये ती मिटली, स्त्रिया कणभर पुढेच गेल्या. ज्यांच्या आज्यांनी नाव सांगितले नव्हते त्या नातींनी हे केले, आणि त्यासाठी एकही नोटीस निघाली नाही. पंचायतीतील राखीव जागा, शाळा, बचतगट, घराजवळचे केंद्र, स्वतंत्र रांग अशा अनेक गोष्टींचा त्यात थोडाथोडा वाटा असावा.

तरी सक्तीच्या बाजूचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. त्यातला सर्वांत वजनदार युक्तिवाद राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी १९९७ मध्ये मांडला. युरोप-अमेरिकेत मतदान घटते तेव्हा ते सगळ्या थरांत सारखे घटत नाही. गरीब आणि कमी शिकलेले लोक आधी गळतात. मग राजकारण मत देणाऱ्या सुखवस्तूंच्या कलाने चालते. सक्ती केली, तर ही विषमता मिटते. नेदरलँड्सने १९७० मध्ये सक्ती उठवली आणि त्याच वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत मतदान ९० टक्क्यांच्या वरून ७० च्या खाली आले, हे खरे आहे. चिलीचे अलीकडचे उदाहरण तर विचारात पाडणारे आहे. तिथे २०२० मध्ये ऐच्छिक मतदानात निम्म्या मतदारांनी भाग घेतला आणि ७८ टक्क्यांनी नवी राज्यघटना हवी असा कौल दिला. २०२२ मध्ये मसुद्यावर सक्तीने मतदान झाले, ८५ टक्क्यांहून अधिक लोक आले आणि जवळजवळ ६२ टक्क्यांनी तो मसुदा फेटाळला. दोन वर्षांत मसुद्याच्या बऱ्या-वाईटाबद्दल मते बदलली असतील, ते सोडून देऊ. पण घरी बसलेली निम्मी जनता आलेल्या निम्म्या जनतेची हुबेहूब प्रतिमा नसते, एवढे त्यातून कळते. गैरहजर माणसाला गृहीत धरून राज्यघटना लिहिता येत नाही.

आपल्याकडे मात्र हा युक्तिवाद उलटा पडतो. योगेंद्र यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातील निवडणुकांचा अभ्यास करून दाखवले, की भारतात गरीब, दलित आणि ग्रामीण मतदार सुखवस्तूंच्या मागे नाही. उलट बरेचदा पुढे आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये मतदान ७० टक्क्यांच्या पुढे गेले आणि दक्षिण मुंबईत ५० टक्क्यांच्या आसपास अडखळले. जिथे जायला जंगल तुडवावे लागते तिथे माणसे आली. जिथे केंद्र चार इमारती पलीकडे होते तिथे आली नाहीत. या दुसऱ्या माणसाला १०० रुपयांचा धाक कसला? आणि पहिल्याला तो कशासाठी?

राहतात ते स्थलांतरित. बीड, नगर भागातला ऊसतोड मजूर पावसाळा संपला की कोयता घेऊन गाव सोडतो. महाराष्ट्र विधानसभेचे २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे नेमके या हंगामाच्या तोंडावर झाले. तीच गोष्ट बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या, परराज्यात गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची. मत गावात, पोट परगावात. निवडणूक आयोगानेच २०२२ च्या डिसेंबरात सांगितले, की सुमारे ३० कोटी मतदार मत देत नाहीत आणि देशांतर्गत स्थलांतर हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मते घेऊ शकेल अशा यंत्राचा नमुनाही आयोगाने तयार केला होता. त्याबद्दल राजकीय पक्षांना रास्त शंका होत्या आणि ते काम पुढे सरकले नाही. पण प्रश्न कुठे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. सक्तीचा कायदा देशभर केला आणि २०२४ चा हिशेब धरला, तर तीस कोटींहून अधिक नोटिसा काढाव्या लागतील. त्यांतल्या कितीतरी बंद दारांवर चिकटवून याव्या लागतील, कारण दारामागचा माणूस मजुरीला गेलेला असेल.

विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीची शिफारस करायचे नाकारले. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीतही हा विषय येऊन मागे पडला होता. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात निवडणूकविषयक हक्कांची जी व्याख्या आहे, तिच्यात मत देणे आणि मत देण्यापासून दूर राहणे ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय यंत्रावर ठेवायला लावला. अर्नेस्ट जडला जे बटण मिळाले नव्हते ते आपल्याला मिळाले आहे. ते दाबायला रांगेत उभे राहावे हे उत्तम. पण उभे न राहणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे, असे त्यावरून निघत नाही.

आपल्या बऱ्याच भाषांत या क्रियेला 'मतदान' म्हणतात. मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड या सगळ्यांत तोच शब्द आहे. त्यातल्या 'दान' या पदावर अनेकांचा आक्षेप असतो आणि तो बरोबर आहे. मत म्हणजे काही उमेदवाराच्या झोळीत टाकलेली भिक्षा नव्हे. उर्दूत मत देण्याला 'राय-दही' म्हणतात, तमिळमध्ये 'वाक्कळिप्पु', म्हणजे शब्द देणे. मला हे दोन्ही शब्द अधिक जवळचे वाटतात. राय दिली जाते, शब्द दिला जातो. सक्तीने घेतात तो कर. कर घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला जरूर आहे, आणि कोणी मतालाही कर मानू शकेल. ऑस्ट्रेलियाने तसे मानून शतक काढले आणि तिथली लोकशाही काही बिघडली नाही. पण त्या देशाने आधी यादी, शनिवार, टपाल आणि निःपक्ष कार्यालय अशी भरपाई केली होती, आणि ज्यांच्यासाठी ती केली नाही त्यांच्यापर्यंत तिथला कायदाही पोचला नाही.

आपल्यापुरता हिशेब अजून पुरा झालेला नाही. यादीत नाव सापडत नाही म्हणून केंद्रावरून परत जाणारा म्हातारा, फडावर असलेली कोयत्यावरची बाई, गावापासून हजार मैलांवर स्लॅब टाकणारा गवंडी, यांचे देणे राज्यसंस्थेकडे बाकी आहे. सक्ती करायचीच तर ती प्रथम या देण्याची करावी. बाणेजच्या एका मतासाठी जे पथक रानात जाते, ते बीडच्या टोळीमागे उसाच्या फडावर ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी घरी बसलेल्या माणसाला दंड करावा की नाही, यावर आपण निवांत वाद घालू. मला वाटते, तोवर वादाचे कारणही बरेचसे उरलेले नसेल.